सायकमोरचं पाणी उतरलं तेव्हा

ज्याचा मासा सगळ्यात मोठा, पुढच्या वसंतातला तलाव त्याने निवडायचा. हॉलिसच्या दुकानात हा नियम पंचवीस वर्षं चालत आलाय, आणि तो कुणी केला हे आता कुणालाच आठवत नाही. हॉलिस गळ विकतो, गांडुळं विकतो, आणि मागे चार टेबलं मांडून सकाळी न्याहारीला गरम, पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही देतो. दाराशी एक पाटी टांगलीय. तिच्यावर खडूने वर्षभरातले मोठे बास मासे आणि ते पकडणाऱ्यांची नावं. गेल्या वर्षी वर नाव होतं वेंडेल स्ट्राउडचं, सात पौंड तीन औंस. त्याच्याखाली माझं, ऑरिन प्रुइट, सात पौंड एक औंस. दोन औंस! माणसाचं वाटोळं व्हायला दोन औंस पुरतात, हे माझ्याकडून लिहून घ्या.

मार्चचा पहिला आठवडा होता. मी ग्रेव्हीत बिस्किट बुडवतोय, हॉलिस कॉफी ओततोय, आणि वेंडेल टोपी न काढता बसलाय.

"हं, बोल पाटीवरच्या राजा," हॉलिस म्हणाला. "कुठे जायचं यंदा? हॅकबेरी का कोल्डवॉटर?"

"सायकमोर," वेंडेल म्हणाला.

हॉलिसची कॉफी टेबलावर सांडली. मी खाली बघत राहिलो. चार वर्षांत ह्या माणसासमोर हे नाव कुणी काढलं नव्हतं, आणि आज त्यानेच काढलं.

"अरे, तिथे पाणी तरी आहे का?" मी म्हणालो. "धरणाचे दरवाजे दुरुस्त करतायत. बावीस फूट खाली गेलाय तलाव. नुसता चिखल आणि खुंट."

"म्हणूनच. पाणी कमी, मासा एका जागी गोळा होतो. तूच शिकवलंस मला."

"बोट उतरवायचा एकच रॅम्प पाण्यापर्यंत पोचतो तिथे. हॅकबेरीला बघ, छप्पन्न अंश फॅरनहाइट पाणी आहे. रेडबडची झाडं फुललीत, ओकची पानं खारीच्या कानाएवढी झालीत. मादी अंडी घालायला काठाला आलीय, लेका, हाताने उचलशील! आणि तू चिखलात जायचं म्हणतोस?"

"पाटीवर कुणाचं नाव आहे?"

"ह्या हॉलिसचा तराजू माझ्या आजीच्या वयाचा आहे! दोन औंस तर त्याच्यावर धूळच असेल."

"माझ्या तराजूला नाव ठेवू नकोस हं," हॉलिस म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. तोही वेंडेलकडेच बघत होता.

"शनिवारी," वेंडेल म्हणाला. "पहाटे पाचला तुझ्या दारात येतो. जेवणाचं मी आणतो." पैसे ठेवून तो उठून गेला.

हॉलिस फडका घेऊन टेबल पुसायला लागला. "मासे धरायला नाही जात आहे तो," तो हळूच म्हणाला. "तू बरोबर आहेस ते बरं. तू त्याचा सगळ्यात जुना मित्र."

माझी पाचावर धारण बसली होती, आणि हा म्हणतोय बरं आहे!

आता तुम्हाला सांगतो, काय ते. आडपडदा ठेवून ठेवून माझी छाती कुजलीय.

बोटीच्या इंजिनाला एक लाल दोरी असते, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची. एक टोक चालवणाऱ्याच्या पट्ट्याला, दुसऱ्या टोकाची क्लिप सुकाणूशेजारच्या खटक्यात. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी ओढली जाते, क्लिप निघते आणि इंजिन तिथल्या तिथे बंद. ती नसेल तर रिकामी बोट गोल गोल फिरत राहते आणि पाण्यातल्या त्याच माणसाच्या अंगावर परत येते. थंडीच्या जाड कपड्यांवर लाइफ जॅकेट बसत नाही म्हणून आमच्याकडे सगळेच ते बाकाखाली टाकतात. पण दोरी! दोरीच्या बाबतीत वेंडेल हट्टी. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. शेवटचं पोर खाली बसल्याशिवाय चाक हलवलं नाही. त्याच्या मुलाने, जेरेटने, सोळाव्या वर्षी पहिल्यांदा बोट हातात घेतली तेव्हा बापाने त्याला एकच अट घातली. दोरी पट्ट्याला लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

मी बोटीची इंजिनं दुरुस्त करतो. चार वर्षांपूर्वी मार्चच्याच एका शुक्रवारी जेरेट बोट घेऊन माझ्याकडे आला. चोवीस वर्षांचा झाला होता तेव्हा.

"ऑरिनकाका, मध्येच बंद पडतंय. उद्या सायकमोरला जायचंय मला. काहीतरी कर ना."

बघितलं तर खटकाच खराब. दर पाच मिनिटांनी आपोआप इंजिन बंद करत होता. नवीन खटका यायला चार दिवस लागणार होते. पोराचा चेहरा पडला. मी पॅनेल उघडलं, मागच्या दोन वायरी कापल्या आणि एकमेकींना जोडून दिल्या. झालं! इंजिन कसं गुरगुरायला लागलं. क्लिप खटक्यात नेहमीसारखी बसत होती, टक् असा आवाजही येत होता. फक्त ती ओढली तर काहीही होणार नव्हतं.

"काय केलंस?" त्याने विचारलं.

"इंधनाची नळी तुंबली होती. सोमवारी परत आण, नीट करून देतो."

खरं सांगितलं असतं तर तो गेला नसता. बापाचा मुलगा होता तो. आणि मला त्याचा हिरमुसलेला चेहरा बघवला नाही. बस, एवढंच कारण. एका दिवसात काय होतंय, असं वाटलं मला. गाढव! ह्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेला गाढव.

शनिवारी दुपारी दोघा जणांना त्याची बोट दिसली. सायकमोरच्या वरच्या फुगवट्यात, पाण्यात उभ्या वाळक्या झाडांमध्ये, एकटीच गोल फिरत होती. बुडलेल्या खुंटाला धडकून तिचं नाक फाटलं होतं. जेरेट नव्हता. पाणबुडे आले, कुत्री आली. तीन आठवडे शोधलं. तिथे मध्यात साठ फूट पाणी आणि खाली अख्खं रान उभं. पाणबुडे म्हणाले, आम्हालाच आमचे हात दिसत नाहीत. मग शोध थांबला.

मत्स्यखात्याचा अधिकारी माझ्याकडे आला, कारण ह्या भागात इंजिनातलं कळणारा मीच. त्याने विचारलं, खटक्यात क्लिप नव्हती, तरी इंजिन चालू कसं? मी म्हणालो, "जुना खटका आहे, झिजला की दोरीशिवायही इंजिन सुरू होतं. पोरं दोरी घरीच ठेवतात." लोण्यासारखं निघालं माझ्या तोंडून. त्याने लिहून घेतलं. वेंडेल मला म्हणाला होता, बोट तुझ्याकडेच ठेव, मला बघवत नाही. अधिकारी गेल्यावर मी पॅनेल उघडलं, वायरी पुन्हा सुट्या केल्या, आणि महिन्याभराने बोट दूरच्या एकाला विकून टाकली.

तेव्हापासून वेंडेल मुलासाठी रडला नाही. तो रागावला. प्रेत नव्हतं, तरी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. तिथे उभा राहून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "एक गोष्ट सांगितली होती मी त्याला. एकच. तेवढीही ऐकली नाही." त्याची बायको लुअ‍ॅन तिथेच ओरडली, "मग दोरी कुठंय? सगळं घर पालथं घातलं मी. घरी नाही, बोटीत नाही. कुठंय दोरी?" बाहेर पायरीवर तिने माझा हात धरून मलाही तेच विचारलं. मी म्हणालो, "कुठेतरी पडली असेल, लुअ‍ॅन." वर्षभर ती नवऱ्याला तेच विचारत राहिली आणि तो तेच उत्तर देत राहिला. शेवटी एके दिवशी ती बॅग भरून बहिणीकडे गेली, तीन तासांवर. "मेलेल्या मुलाला रोज शिव्या देणाऱ्या माणसाबरोबर मला जेवण जात नाही," असं म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

आणि हे सगळं मी बघत होतो. दर शुक्रवारी त्याच्याकडे पत्ते खेळायला जात होतो! एक वाक्य बोललो असतो तर त्याला त्याचा मुलगा परत मिळाला असता, जिवंत नाही, पण निदान चांगला मुलगा म्हणून तरी. ते वाक्य माझ्या जिभेवर शंभरदा आलं असेल. शंभर वेळा गिळलं मी ते.

शनिवारी पहाटे पाचला त्याची गाडी आली, मागे ट्रेलरवर त्याची बोट. मी आजारी असल्याचं सांगायचं ठरवलं होतं. दार उघडलं, तो कॉफीचा थर्मास घेऊन उभा, दाढी केलेली, आणि मी गळ उचलून निघालो.

सायकमोर ओळखू येईना. जिथे आम्ही वर्षानुवर्षं बोटी पळवल्या तिथे राखाडी चिखलाची उतरण, भेगा पडलेली, तिच्यात बिअरचे डबे आणि कुणाच्या तरी बोटीचे हरवलेले नांगर. पाणी कुठे खाली. वरच्या फुगवट्यातली काठाजवळची वाळकी झाडं आता बुंध्यापर्यंत उघडी पडली होती. रॅम्पवर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. अहो, हॅकबेरी सोडून इथे कोण येणार?

सकाळी तासभर आम्ही खरंच मासे धरले. मी पुढे उभा राहून विजेची छोटी मोटार पायाने चालवत होतो, तो मागे सुकाणूपाशी. मी बोट मुद्दाम धरणाच्या बाजूलाच ठेवत होतो. एक चार पौंडाचा बास लागला मला.

"बघ! इथेच आहे मासा. इथेच थांबू," मी म्हणालो.

"वर चल, ऑरिन."

"अरे, खुंट किती आहेत तिथे! तळ फुटेल बोटीचा."

"हळू चल मग." त्याने गळ गुंडाळून खाली ठेवला होता. "मी इथे कशाला आलोय ते तुला कळतंय. नको उगाच बोलायला लावू."

मी गेलो. दुसरं काय करणार? वरच्या फुगवट्यात एकदम थंडी होती. झाडांच्या मधून मी बोट इंचाइंचाने नेत होतो. वेंडेल उभा राहून दोन्ही काठ बघत होता. तोंडाने काहीतरी पुटपुटत होता. आधी मला वाटलं प्रार्थना आहे. मग ऐकू आलं.

"मूर्ख कार्टं. एक गोष्ट. एक गोष्ट सांगितली होती."

आधी ते मला दिसलं.

डाव्या हाताला एका मोठ्या ओकची मुळं चिखलातून वर आली होती. त्या मुळांत काहीतरी निळसर अडकलं होतं, गाळाने अर्धं भरलेलं. थंडीत घालतात तसली जाड डांगरी. आणि तिच्या कमरेपासून चिखलावर पडलेली, धुऊन निघालेली, लाल वेटोळ्यांची दोरी. चार वर्षांनीही रंग तसाच. टोकाला क्लिप.

वेंडेल उजवा काठ बघत होता.

मी काय केलं ते सांगतो, कारण हेही तुम्हाला कळायला पाहिजे. मी पाय दाबला आणि बोटीचं नाक उजवीकडे वळवलं. हो. मी बोट लांब नेली. दहा यार्ड, वीस यार्ड. महिन्याभरात दरवाजे दुरुस्त होतील, पाणी चढेल, वीस फूट पाण्याखाली सगळं पुन्हा झाकलं जाईल, असा हिशोब माझ्या डोक्यात झालासुद्धा. माणूस किती हलकट असू शकतो ते मला त्या वीस यार्डांत कळलं.

मागून वेंडेलचा आवाज आला, थकलेला. "लहानपणी बुटाची नाडीसुद्धा बांधायचा नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तसलाच होता तो. बेफिकीर."

"नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"नव्हता बेफिकीर." मी मोटार उलटी फिरवली. "वेंडेल, तिकडे बघ. त्या ओकच्या मुळाशी."

बोट काठाला लागायच्या आत त्याने उडी टाकली. मांडीपर्यंत चिखलात रुतला, हातांवर रांगत गेला. मी बोटीतच उभा होतो. त्याने गाळ बाजूला केला आणि पट्ट्याचं बक्कल दिसलं, मासा कोरलेलं, जेरेटची शाळा संपली तेव्हा त्यानेच घेऊन दिलेलं. दोरीचा आकडा पट्ट्याच्या कडीत अडकवलेला होता, जसा शिकवला होता अगदी तसा. वेंडेलने दोरी हातात धरली आणि बोटांनी चाचपत चाचपत क्लिपपर्यंत गेला.

"लावली होती," तो म्हणाला. मग ओरडला, "ऑरिन! लावली होती रे त्याने! माझ्या पोराने लावली होती!"

आणि तो रडला. चार वर्षांचं सगळं रडला, चिखलात गुडघे टेकून, हाडांवर हात ठेवून. "माफ कर मला, बाळा. माफ कर. लावली होतीस तू." माणसाचं असं रडणं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात दुःख होतं, पण आनंदही होता, देवाशपथ. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं असं मला वाटलं. घेऊ दे त्याला एवढं, बाकीचं कशाला?

त्याने खिशातून फोन काढला. चिखलाने भरलेल्या अंगठ्याने लुअ‍ॅनचा नंबर लावला. ती गेल्यापासून त्याने तिला फोन केला नव्हता.

"लुअ‍ॅन, सापडला. सायकमोरला. ऐक, ऐक ना, त्याने लावली होती. पट्ट्यालाच आहे. तू खरं म्हणत होतीस. तू सगळं खरं म्हणत होतीस."

पलीकडून तिचं रडणं मला बोटीत ऐकू येत होतं, इतकी शांतता होती तिथे. मग रडणं थांबलं. ती काहीतरी म्हणाली. वेंडेलच्या कपाळावर आठी पडली.

"हो," तो म्हणाला. "क्लिपही आहे. टोकालाच." त्याने क्लिप उलटून बघितली. "ते मलाही... थांब. ऑरिन आहे इथे." त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत संशय नव्हता, तेच तर वाईट. मित्राला विचारावं तसं विचारलं. "ती म्हणते, मग इंजिन का नाही बंद पडलं? क्लिप तर निघाली होती. आदल्या दिवशी बोट तुझ्याकडेच होती ना? सांग तिला." आणि त्याने फोन माझ्याकडे धरला.

मी बोटीतून वाकून तो घेतला.

"लुअ‍ॅन, मी बोलतोय. खटका मी निकामी केला होता. मागच्या दोन वायरी जोडून. शुक्रवारी. त्याला सांगितलं नाही, नुसतं म्हणालो, सोमवारी परत आण. नंतर वायरी काढल्या आणि त्या अधिकाऱ्याशी खोटं बोललो. तुझ्याशी पण."

एवढंच. एका श्वासात मावलं सगळं.

ती म्हणाली, "पायरीवर तुझा हात धरला होता मी." आणि फोन बंद झाला.

मी वेंडेलकडे बघितलं. त्याने मला मारावं असं मला फार वाटत होतं. शिवी तरी द्यावी. तो गुडघ्यांवरून उठला, बोटीपर्यंत आला, माझ्या हातातून फोन घेतला.

"सोमवारी परत आण म्हणालास त्याला?"

"हो."

"आणि दर शुक्रवारी माझ्याकडे पत्ते खेळायला येत होतास."

"हो."

त्याने मान हलवली, जणू कुणी रस्ता सांगितला आणि तो त्याला कळला. "उतर," तो म्हणाला.

मी उतरलो. चिखल बुटांच्या वरून आत गेला. तो बोटीत चढला.

"मी पोलिसांना, शेरीफला घेऊन येतो. लुअ‍ॅन येईल, तिला रॅम्पवरून आणतो. तोवर तू त्याच्याजवळ थांब. चार वर्षं एकटा आहे तो."

"थांबतो."

"आणि ऑरिन, कशालाही हात लावू नकोस. ह्या खेपेला तरी."

तो सुकाणूपाशी बसला. आपली लाल दोरी त्याने पट्ट्याला अडकवली, क्लिप खटक्यात बसवली आणि इंजिन सुरू केलं. हे इंजिनही मीच दुरुस्त करत आलोय. तो हलला नाही. पट्ट्यापासून दोरी धरून त्याने एक हिसका दिला. क्लिप निघाली, इंजिन बंद पडलं, आणि सगळ्या फुगवट्यात एकदम शांत झालं. त्याने ती पुन्हा बसवली, पुन्हा इंजिन सुरू केलं आणि पुन्हा ओढून बघितलं. तिसऱ्यांदा इंजिन सुरू करून मग तो गेला, आणि मी जेरेटजवळ खाली बसलो.